लेक आठवीत, पुस्तक कितवीचं?

कैरी
शुक्रवार, रात्री ११:२०

लेक तेरा पूर्ण, आठवीत. वाचनाचं वेड आहे. जेवताना पुस्तक, बसमध्ये पुस्तक, आंघोळीला जा म्हटलं की "एवढं चॅप्टर संपवते". आजवर मला याचं कौतुकच होतं आणि चारचौघांत मी ते मिरवलंही आहे, खोटं कशाला बोलू.

मागच्या शनिवारी तिची खोली आवरताना उशीखाली 'आइसब्रेकर' नावाचं पुस्तक सापडलं. मुखपृष्ठावर कार्टूनसारखे एक मुलगा नि एक मुलगी. मला वाटलं, बर्फावरच्या हॉकीबद्दल काहीतरी असेल. सहज मधूनच उघडलं आणि उभ्या उभ्या दोन पानं वाचली. मग खाली बसून वाचली. लग्नाला सोळा वर्षं झालेली बाई आहे मी, तरी उठून दार लोटून घेतलं!

पुस्तक तिचं नाही, मैत्रिणीच्या ताईचं आहे. वर्गात फिरतंय. मी ते होतं तसं उशीखाली ठेवलं आणि आठवडाभर तोंडात मिठाची गुळणी धरून बसले आहे.

त्यात भर म्हणजे याच आठवड्यात साबुंनी (सासरेबुवांनी) तिला मोठ्या प्रेमाने मिलिंद बोकिलांचं 'शाळा' आणून दिलं. "मराठीही वाच जरा." मी ते कॉलेजात वाचलं होतं आणि डोक्यात फक्त शिरोडकर आणि ती हुरहुर उरली होती. आता परत चाळलं, तर नववीतली पोरं मुलींबद्दल जे बोलतात आणि ज्या भाषेत बोलतात ते सगळं आहेच की त्यात. मग आजोबांनी दिलेलं चालतं आणि मैत्रिणीने दिलेलं चालत नाही, हे कुठलं शास्त्र? मराठी आहे म्हणून चालतं? चांगलं लिहिलंय म्हणून चालतं? नवऱ्याला विचारलं तर "तू ना उगाच" एवढंच उत्तर आलं, जे तो गॅस सिलिंडर संपला तरी देतो.

तुम्ही कसं ठरवता? आधी स्वतः वाचता, काढून घेता, की डोळ्यांवर कातडं ओढता? मोबाईलवरून टंकतेय, शुद्धलेखन समजून घ्या.

खारे दाणे
शुक्रवार, रात्री ११:५२

एवढं काय त्यात! आमच्याकडे अर्नाळकर गादीखाली, नारायण धारप माळ्यावर आणि सुहास शिरवळकर दप्तरात असायचे. 'दुनियादारी' आमच्या वर्गात इतकी फिरली की शेवटची सोळा पानं गळून गेली. शेवट मला पुढे कॉलेजात कळला. आणि 'ययाति' तर मी नववीत राजरोस हॉलमध्ये बसून वाचलं. खांडेकरांचं, वर ज्ञानपीठ मिळालेलं, त्यामुळे घरच्यांना वाटलं मुलगा सुधारला. आत काय चाललंय हे फक्त मला माहीत.

बिघडलो का? बँकेत आहे, वेळेवर घरी येतो. वाचू द्या हो.

कैरी
शनिवार, सकाळी ७:०५

खारे दाणे, पण तुम्ही गादीखाली ठेवत होतात ना? म्हणजे घरात कुणीतरी 'नको' म्हणणारं होतं. इथे मी 'वाच बाई सगळं' म्हटलं, तर त्या पोरीची गादीखालची मजाही गेली.

निवृत्त ग्रंथपाल
शनिवार, सकाळी ८:३०

नमस्कार. तालुक्याच्या ग्रंथालयात एकतीस वर्षं काढली, म्हणून चार ओळी.

आमच्याकडे नवं पुस्तक आलं की थोड्याच दिवसांत बांधणीला जायचं. मुखपृष्ठ काढून जाड पुठ्ठा, पाठीला कापड, वर दाखल क्रमांक. बाहेरून भाऊ पाध्यांचं 'वासूनाका' आणि 'गीतारहस्य' सारखेच दिसत. ('वासूनाका' १९६५ साली आलं तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्यावर असा काही तोफखाना सोडला, की आमच्याकडे ती प्रत कधी फळीवर टेकलीच नाही.) आता मुलांना आतलं कसं कळणार? त्यांची युक्ती अशी: पुस्तक दोन्ही तळव्यांवर घ्यायचं आणि सैल सोडायचं. ज्या पानाशी शंभर वाचक रेंगाळले, ते पान आपोआप उघडतं. शिवण तिथेच सैल झालेली असते.

कैरीताई, तुम्ही लिहिलंय 'सहज मधूनच उघडलं'. ते सहज नव्हे. त्या पुस्तकाला सवय लागली आहे.

आमचा नियम होता, बालविभागाच्या कार्डावर मोठ्यांचं पुस्तक नाही. तो मोडायची एकच वाट, आईचं कार्ड. पोरगं काउंटरला आलं की मी विचारायचो, "आईने सांगितलंय?" ते म्हणायचं, "हो." पुढे विचारायचं नाही, हा माझा स्वतःचा नियम. एकदाच पस्तावलो. अकरा वर्षांचा एक मुलगा दुसऱ्या महायुद्धावरचा जाडजूड ग्रंथ घेऊन गेला, छळछावण्यांच्या फोटोंसकट. बाप खूश, पोरगा इतिहास वाचतोय. महिन्याने आई सांगत आली की तो रात्री दिवा मालवू देत नाही. त्या पुस्तकावर कुणीही, कधीही आक्षेप घेतला नव्हता, मीही नाही.

सिनेमाला २०२४ पासून यूए ७+, १३+ आणि १६+ अशा पायऱ्या आल्या. पुस्तकाला काहीच नाही, आणि नसावं असंच मला वाटतं. तीन तासांचा सिनेमा शिक्का मारणारा निदान बसून पाहतो. चारशे पानं कोण वाचणार? तो मुखपृष्ठ बघूनच शिक्का मारेल.

कैरी
शनिवार, सकाळी ८:४१

अगं बाई! म्हणजे माझ्या आधी किती जणींनी तिथेच उघडलं असेल!

सातवा मजला
शनिवार, सकाळी १०:१५

बापाची बाजू. मुलगी बारावीत आता, त्यामुळे युद्ध संपलेलं आहे आणि मी हरलेलो आहे.

ती सातवीत असताना मी नियम केला की आधी बाबा वाचणार, मग तू. पहिल्या महिन्यात मी दोन पुस्तकं वाचली, तिने नऊ. माझ्या टेबलावर थप्पी साचत गेली, सरकारी कचेरीत फायली साचतात तशी. मग ती विचारायला लागली, "बाबा, ते मंजूर झालं का?" तिसऱ्या महिन्यात मी न वाचताच सही ठोकू लागलो.

खरा धडा पुढे मिळाला. मी कागदी पुस्तकं तपासत होतो आणि ती फोनवर फॅन फिक्शन वाचत होती. कुणीतरी हौसेने लिहिलेल्या, फुकट कथा. घाबरत घाबरत विचारलं तर तिने शांतपणे पडदा माझ्याकडे फिरवला. त्या 'एओथ्री' नावाच्या साइटवर प्रत्येक कथेच्या डोक्यावर श्रेणी असते: सर्वांसाठी, किशोर व पुढे, प्रौढ, उघड. त्याखाली टॅग. कुणी मरतं का, मारहाण आहे का, जबरदस्ती आहे का, कुत्रा शेवटी जिवंत राहतो का. म्हणाली, "मला कुत्रा मेलेला चालत नाही, ते मी आधी बघते." छापील पुस्तकाच्या मागे काय असतं? 'वाचकाला खिळवून ठेवणारी कादंबरी.' उपयोग काय त्याचा?

पानगळ
शनिवार, दुपारी १२:४०

सातवा मजला, अनुमोदन. आणि मला इथे मराठीचा एक जुनाच आजार दिसतो. आपल्याकडे बालसाहित्य आहे आणि मग एकदम मोठ्यांचं साहित्य. फास्टर फेणेचा हात सोडला की पुढचं पाऊल थेट 'कोसला'. मधली पायरीच नाही. 'किशोर' मासिक १९७१ पासून इमाने इतबारे निघतंय, पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींना स्वतःबद्दल जे प्रश्न पडतात (अंगाबद्दल, मैत्रीबद्दल, आईबापांच्या भांडणांबद्दल) त्यावर मराठीत कादंबरी मागायला जा. दुकानदार 'शाळा' काढून देतो. दुसरं मागितलं की विचारात पडतो. आणि 'शाळा'सुद्धा बोकिलांनी खास मुलांसाठी म्हणून लिहिलेलं नाही. नववीतल्या मुलाच्या तोंडून आणीबाणीच्या काळाबद्दल मोठ्यांना सांगितलेलं आहे ते.

खारे दाण्यांच्या पिढीची मधली पायरी रहस्यकथा होती. ती गेली. आता पोरं इंग्रजीकडे वळतात, कारण तिथे कुमारवयासाठी वेगळा कप्पा आहे. घोळ असा झालाय, की मोठ्यांच्या शृंगारिक कादंबऱ्यांनाही आता त्याच कप्प्यासारखी चित्रं लावतात. गोड रंग, चेहरे नसलेली कार्टूनं. आईला बाहेरून कळावं अशी सोयच ठेवलेली नाही. कैरी, तू फसलीस यात तुझी चूक नाही.

स्पष्टवक्ता
शनिवार, दुपारी २:१०

सगळे फारच पुरोगामी झालेत. गाडी चालवायला अठरा, मतदानाला अठरा, लग्नाला अठरा-एकवीस, आणि वाचायला मात्र मोकळं रान? मुलाच्या फोनला मी कुलूप लावलं तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. पुस्तकाला लावलं की मी मागास? तेही विकतच घेतलेलं असतं ना, कुणीतरी विकायलाच लिहिलेलं? माझ्या घरात काय यायचं ते मी ठरवतो.

आणि एक. 'चर्चा करा, संवाद ठेवा' म्हणणाऱ्यांनी गेल्या वर्षात स्वतःच्या मुलाशी या विषयावर किती वेळा बोललात ते इथे आकड्यात लिहा. बघू.

कैरी
शनिवार, दुपारी २:३५

शेवटचं लागलं. आकडा: शून्य.

सातवा मजला
शनिवार, दुपारी २:५०

दोन. एकदा तिनेच काढला विषय, दुसऱ्यांदा मी आणि पाच मिनिटांत पाणी प्यायला उठलो.

काळा कोट
शनिवार, दुपारी ४:००

स्पष्टवक्ता यांनी वयाचा मुद्दा काढला म्हणून कायद्याचं थोडं. जुन्या दंडविधानाच्या कलम २९३ मध्ये वीस वर्षांखालच्या व्यक्तीला अश्लील पुस्तक विकणं हा वेगळा आणि जास्त शिक्षेचा गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत कलम २९५ झालं आणि तिथे 'बालक' म्हणजे अठरा वर्षांखालचं. पण अश्लील कशाला म्हणायचं, हा वाद आपल्या मुंबईने आणि महाराष्ट्रानेच देशाला घालून दिलाय. १९६४ मध्ये मुंबईतल्या एका पुस्तकविक्रेत्याची 'लेडी चॅटर्लीज लव्हर' विकल्याबद्दलची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. तर १९६२ च्या दिवाळीत 'रंभा' मासिकात आलेल्या चंद्रकांत काकोडकरांच्या 'शामा'वर खटला झाला, आणि १९६९ मध्ये त्याच न्यायालयाने काकोडकरांना सोडलं. त्याच्याही कितीतरी आधी, १९३४ मध्ये, 'समाजस्वास्थ्य' मासिकाच्या खटल्यात र. धों. कर्व्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. हरले, दंड झाला.

१९८५ च्या 'प्रजापती' या बंगाली कादंबरीच्या निकालात न्यायालयाने मार्मिक मुद्दा मांडलाय. कादंबरीतला लैंगिक उल्लेख तेवढ्यानेच किशोरांसाठी अयोग्य ठरवायचा असेल, तर त्यांनी कादंबऱ्या वाचायच्याच नाहीत, निव्वळ धार्मिक पुस्तकंच वाचायची.

खारे दाणे
शनिवार, दुपारी ४:०८

धार्मिक? महाभारत वाचलेलं दिसत नाही कुणी तिथे.

निवृत्त ग्रंथपाल
शनिवार, दुपारी ४:२०

आमच्याकडे बालविभागाची मुलं सगळ्यात जास्त पौराणिक पुस्तकंच न्यायची. मत्स्यगंधा, नियोग, भर सभेतलं वस्त्रहरण. आईवडील स्वतः आणून सही करत.

जर्सीकर
शनिवार, रात्री ८:३०

इकडची हकिगत. मी न्यू जर्सीत आहे. इथे शाळेच्या वाचनालयातून कुठलं पुस्तक काढायचं यावर आईबाप मंडळाच्या सभेत जाऊन माइकवर तावातावाने बोलतात. जानेवारी २०२२ मध्ये टेनेसीतल्या मॅकमिन काउंटीच्या शाळा मंडळाने 'माउस' हे चित्रमय पुस्तक आठवीच्या अभ्यासक्रमातून काढलं. लेखकाच्या वडिलांनी नाझी छळछावणी कशी भोगली याची गोष्ट, त्यात ज्यू म्हणजे उंदीर आणि जर्मन म्हणजे मांजरं. कारण काय दिलं? आठ शिव्या आणि एक नग्न आकृती. दहा विरुद्ध शून्य मतांनी ठराव. परिणाम असा, की ते पुस्तक देशभर खपाच्या यादीत वर जाऊन बसलं आणि माझ्या मुलाने, जो कॉमिकशिवाय कशाला हात लावत नाही, ते वाचनालयात नंबर लावून वाचलं.

मी आधी 'बंदी घालणारे ते कोण' म्हणणाऱ्यांत होते. मग आमच्या शाळेतून एका दुसऱ्या पुस्तकाबद्दल चिठ्ठी आली: यात आत्महत्येचा प्रसंग आहे, नको असेल तर कळवा, मुलाला पर्यायी पुस्तक देऊ. मी 'नको'वर खूण केली. माझा भाऊ तसा गेला आहे. मुलाला ते अजून सांगितलेलं नाही. शिक्षिकेने कारण विचारलं नाही, याबद्दल मी तिची आजन्म ऋणी आहे. तेव्हा 'सगळं वाचू द्या' म्हणणं मला आता तितकं सोपं जात नाही.

स्पष्टवक्ता
शनिवार, रात्री ८:५५

जर्सीकर, काळजी घ्या. माझा सूर वरच्या प्रतिसादात जरा चढा होता.

ओसरी
शनिवार, रात्री १०:२०

कालपासून वाचतोय. आधी 'प्रौढ मजकूर' म्हणजे काय ते ठरवा, कारण इथे बहुतेक जण एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत.

मी सातवीत असताना वडिलांनी दया पवारांचं 'बलुतं' हातात दिलं. त्यात शिव्या आहेत, दारू आहे, कावाखान्यातलं जगणं आहे, बायकांच्या वाट्याला येतं ते आहे, मेलेलं जनावर आहे. हे पोराच्या वयाला झेपेल का, असा प्रश्न आमच्या घरात कुणाला पडला नाही. निम्मं तर आजीने ओट्यावर बसून आधीच सांगितलेलं होतं. जे त्यातल्या दगडूने त्या वयात बघितलं, ते त्या वयाच्या पोराने वाचू नये म्हणणं कसं जमणार?

पुढे शहरातल्या शाळेत आवडत्या पुस्तकावर लिहायला सांगितलं. मी चार पानं लिहिली. बाईंनी वही परत दिली आणि म्हणाल्या, "भाषा बरी नाही यातली, दुसरं काहीतरी घे." वाईट नव्हत्या बाई. मी दुसरं घेतलं. पुढच्या बाकावरच्या मुलाने 'मृत्युंजय'वर लिहिलं होतं, त्याची वही वर्गात वाचून दाखवली. द्यूतसभेसकट.

आता माझा मुलगा अकरा वर्षांचा. सोसायटीत राहतो, पोहायला जातो, इंग्रजी माध्यम. आपली जात काय, हे त्याला नीट माहीत नाही. कधीतरी कुणीतरी सांगेलच, आणि घरातल्या माणसाने सांगावं तसं सांगणार नाही. 'बलुतं' माझ्याकडे आहे, वडिलांचीच प्रत, १९७८ ची. मी ती कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली आहे. मीच. कारण मला वाटतं, अजून दोन वर्षं त्याला नुसतं पोहू द्यावं.

वडील दोन वर्षांपूर्वी गेले. ते काय म्हणाले असते ते मला पाठ आहे.

कैरी
शनिवार, रात्री ११:१०

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा धागा केवढ्याशा पुस्तकावर होता असं वाटलं.

ओसरी
शनिवार, रात्री ११:१६

तसं नाही ताई. तुमच्या घरी ते पुस्तक उशीखाली आहे, माझ्या घरी वरच्या फळीवर. तुमची मुलगी लपवते, माझ्याकडे बाप लपवतो.

गोदाकाठ
रविवार, सकाळी ९:००

ओसरींच्या 'बाप लपवतो'वरून आठवलं. अ‍ॅन फ्रँकची डायरी आपण सगळेच डोळे झाकून मुलांना देतो. मराठीतही आहे. ती १९४७ मध्ये पहिल्यांदा छापली, तेव्हा तिच्या बापाने, ऑटो फ्रँकने, काही मजकूर गाळला होता. वयात येताना स्वतःच्या शरीराबद्दल तिने लिहिलेलं आणि आईबद्दलचं कडवट लिहिलेलं. बापाने मुलीची डायरी सोवळी केली म्हणून पूर्वी मला राग यायचा. पण त्या माणसाची बायको आणि दोन्ही मुली छळछावण्यांत मेल्या होत्या, तो एकटा परतला होता. गेलेल्या बायकोबद्दल गेलेल्या मुलीने रागाने लिहिलेलं जगापुढे ठेवायचं की नाही, हे ठरवायला त्याला कोणता धागा काढता आला असता?

गाळलेलं पुढे १९८६ च्या अभ्यास-आवृत्तीत आणि १९९१ च्या वाढवलेल्या आवृत्तीत आलं. मी भाचीला वाढवलेली इंग्रजी प्रत दिली. डायरी लिहायला लागली तेव्हा अ‍ॅन नुकती तेरा वर्षांची झाली होती, तुमच्या लेकीएवढी. म्हणजे मुलीच्या 'वयाला न शोभणारं' ते लिहिलं कुणी, तर त्याच वयाच्या मुलीने.

जांभूळ
रविवार, सकाळी ११:३०

शाळेत समुपदेशक आहे, आठवी ते दहावी. माझा अनुभव सांगते, सिद्धांत नाही.

पुस्तकातल्या उघड वर्णनाने मूल हादरलंय असं मी फारसं पाहिलेलं नाही. त्यांना हसू येतं, किळस येते, पुन्हा वाचावंसं वाटतं, आणि हे तिन्ही एकाच तासात होतं. मला जास्त भीती वाटते ती प्रेम म्हणून काय खपतं याची. तो तिचा फोन तपासतो, कुणाशी बोललीस विचारतो, भिंतीवर मूठ आपटतो आणि हे सगळं 'किती जीव आहे त्याचा' म्हणून रंगवलेलं असतं. त्यात कपडे उतरवायची एक ओळ नसते. अशी पुस्तकं आईबापांच्या चाळणीतून अलगद खाली उतरतात.

उलट 'इट एंड्स विथ अस' घ्या. २०१६ ची कादंबरी, लेखिकेने स्वतःच्या आईच्या आयुष्यावरून बेतलेली. नायिका मारणाऱ्या नवऱ्याला अखेर सोडते. प्रसंग उघड आहेत, आमच्या मुलींत भरपूर फिरली. एकदा मधल्या सुट्टीत तिच्यावरून जुंपली. "पण त्याचं लहानपण वाईट गेलं ना", "पण तो नंतर रडतो ना". एक मुलगी गप्प होती. सगळ्या गेल्यावर ती मागे राहिली. पुढचं इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते, की ते पुस्तक वर्गातून जप्त झालं असतं तर ती मागे राहिली नसती.

मी मुलांना 'समजलं का' असं विचारत नाही, त्यावर 'हो' हेच उत्तर येतं. मी विचारते, "यातल्या कुणाला आपल्या घरी जेवायला बोलावशील? आणि कुणाला अजिबात नाही?" मग अर्धा तास थांबत नाहीत.

पानगळ
रविवार, सकाळी ११:५०

जेवायला बोलावण्याचा प्रश्न झकास! 'शाळा'तल्या सुऱ्याला बोलवायचं की नाही यावर आमच्याकडे आजच भांडण होणार.

तिखटमीठ
रविवार, दुपारी १:००

एक व्यवहारी शंका. कैरी, ज्या मैत्रिणीचं पुस्तक आहे तिच्या आईला कळवणार का? मी एकदा असा शहाणपणा केला. त्या घरी पोरीचा फोन गेला, माझ्या पोरीची मैत्रीण गेली आणि बिल्डिंगमधल्या भिशीतून मी गेले.

जांभूळ
रविवार, दुपारी १:२०

कळवू नये. दुसऱ्याच्या घरात काय चालतं ते आपल्याला माहीत नसतं. कुठे नुसता ओरडा मिळतो, कुठे शाळाच बंद होते.

कैरी
रविवार, रात्री १०:४५

बोलले.

संध्याकाळी मेथी निवडायला घेतली आणि तिला हाक मारली. समोर हाताला काम असलं की एकमेकींकडे बघावं लागत नाही, हे माझ्या आईचं तंत्र. बराच वेळ शब्द जुळवत होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "तू माझ्या उशीचा अभ्रा उलटा घातलास मागच्या शनिवारी. तेव्हाच कळलं मला." म्हणजे आठवडाभर आम्ही दोघी एकमेकींची वाट बघत होतो.

विचारलं, कसं वाटलं पुस्तक. म्हणाली, "ती पानं मी दोनदा वाचली. एकदा काय आहे ते बघायला आणि एकदा कळलं नाही म्हणून." मी म्हटलं, मग विचारलं का नाहीस मला? तर म्हणते, "तू काय सांगितलं असतंस?" मी दोन जुड्या निवडल्या तोवर उत्तर सुचलं नाही. मग जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बरंचसं अडखळत. एक शब्द तिने मला दुरुस्त करून दिला, तो कुठला ते इथे लिहीत नाही.

ग्रंथपालकाका, तुमचा दिवा न मालवणारा मुलगा डोक्यात होता, म्हणून विचारलं, कुठल्या पुस्तकाची कधी भीती वाटली का गं? मला वाटलं ती एखादं भुताचं नाव घेईल. म्हणाली, "'श्यामची आई'." ती आठ वर्षांची असताना साबांनी (सासूबाईंनी) वाढदिवसाला दिलं होतं आणि मी स्वतः, रोज एक रात्र, असं शेवटपर्यंत वाचून दाखवलं होतं. शेवटी आई जाते तिथे आम्ही दोघी रडलो होतो, आणि मी ती आठवण आजवर कौतुकाने सगळ्यांना सांगत आलेय. ही म्हणाली, "नंतर कितीतरी दिवस तू झोपलीस ना, की मी येऊन तुझ्या नाकाखाली बोट धरायचे."

मला हे पाच वर्षं माहीत नव्हतं.

'शाळा' अर्धं झालंय. विचारत होती, मुलं खरंच आपसात असं बोलतात का. म्हटलं, बोलतात. "आमच्या वर्गातली पण?" असतील. आज क्लासवरून आल्यापासून जरा घुश्शात आहे, कुणावर ते सांगत नाही.

जर्सीकर
रविवार, रात्री ११:३०

नाकाखालचं बोट वाचून इथे ऑफिसात डोळे पुसले.

स्पष्टवक्ता
सोमवार, सकाळी ६:५०

आकडा एक झाला तुमचा. माझा अजून शून्यच आहे. मुलगा दहावीत. मेथीऐवजी काय चालेल? त्याला मेथी निवडायला बसवलं तर त्यालाच संशय येईल.

सातवा मजला
सोमवार, सकाळी ७:१५

गाडी धुवायला घ्या. एक या बाजूला, एक त्या बाजूला.

ओसरी
सोमवार, सकाळी ९:४०

फळी एक खाली आणली. अजून त्याचा हात पोचत नाही, खुर्ची घेतली तर पोचेल.

कैरी
सोमवार, रात्री ९:२०

सगळ्यांचे आभार. एक शेवटचं, मग धागा खाली गेला तरी चालेल.

लेकीने ते पुस्तक आज मैत्रिणीला परत द्यायचं म्हणून सकाळी हॉलमधल्या टीपॉयवर काढून ठेवलं होतं आणि शाळेच्या गडबडीत तिथेच विसरली. मी ऑफिसला. दुपारी चहाला साबुंच्या हाती ते लागलं. नात वाचते ते आपणही वाचावं, हा त्यांचा खाक्या. संध्याकाळी घरी आले तर चष्मा पुसत बसले होते, पुस्तक उपडं मांडीवर. माझ्या पोटात गोळा. काही बोलतील म्हणून उगाच स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहिले.

शेवटी स्वतःच उठून आत आले, पुस्तक ओट्यावर ठेवलं आणि म्हणाले, "हॉकीचं फारसं काही नाहीये गं यात."